चटई नको, पाट घ्या

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका मला म्हणाल्या, "काकू, तुमच्या करिअरचा प्रवास लिहा ना." प्रवास म्हणाल तर फरीदाबाद ते गुडगाव, मध्ये मेट्रो बदलून, उभ्याने. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. तेव्हा मी डान्स पॅडबद्दल लिहिणार आहे. ते काय असतं हे ठाऊक नसेल तर लाजू नका. माझ्याकडून जे घेऊन गेले त्यांतल्या बऱ्याच जणांनाही ठाऊक नव्हतं.

टीव्हीवर गाणं लागतं आणि पडद्यावर खालून वर बाण सरकत येतात. डावा, उजवा, पुढचा, मागचा. आपल्या पायाखाली तसेच चार बाण असतात. पडद्यावरचा बाण रेषेपाशी आला की त्याच ठेक्यावर पाय पडला पाहिजे. उशीर झाला तर गेला, घाई झाली तरी गेला. ऐकायला पोरखेळ वाटतो. दोन गाणी खेळून दाखवा, मग आपण बोलू.

मी मिरजेला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स केलं, लग्न होऊन फरीदाबादला आले आणि मॉलमधल्या गेम झोनची मशिनं दुरुस्त करण्यात हयात घालवली. नोकरीला लागले तेव्हा मॅनेजरला वाटलं, बाई आहे, तिकिटं फाडेल. मी तिकिटं कधीच फाडली नाहीत. मशिनं उघडली, पुसली, जोडली आणि माणसांच्या अकलेचा अंदाज घेत राहिले.

मॉलमधलं नाचायचं मशीन म्हणजे लोखंडी चौथरा, त्यावर बाण, मागे धरायला दांडी. त्यावर मी काय काय बघितलं. बायका टोकदार टाचांच्या सँडल घालून चढायच्या. एका कुटुंबाने तिथे मुलाचा वाढदिवस केला आणि केकचं क्रीम मागच्या बाणात गेलं. मी ते काडीने कोरून काढलं. एक गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन चौथऱ्यावर उभे राहायचे आणि फोनवर बोलायचे. मी म्हटलं, "भाईसाहब, ये खेलने की चीज़ है." ते म्हणाले, "तो मैं कौन सा सो रहा हूँ? यहाँ नेटवर्क अच्छा आता है." पैसे भरून बोलायचे, म्हणून मॅनेजरचं काही म्हणणं नव्हतं.

तरी ते मशीन टिकलं. वर्षानुवर्षं टिकलं, कारण ते टिकण्यासाठी बनवलेलं होतं. मग गेम झोनच्या मालकाला ट्रॅम्पोलीनचं वेड लागलं आणि चांगलं चालतं मशीन भंगारात गेलं. त्या दिवशी मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. भंगारवाल्याने ते माझ्यासमोर उलटं केलं, तेव्हा खालचा प्रत्येक स्क्रू जागेवर होता.

त्यानंतर मी निवृत्त झाले आणि घरच्या तळमजल्यावरच्या खोलीत घरगुती पॅड बनवू लागले. आता जरा धंद्याचं सांगते, कारण लोक याच बाबतीत माती खातात.

घरी वापरायचे पॅड दोन जातींचे. एक गुंडाळता येतो, त्याला मी चटई म्हणते. दोन पातळ थर, मध्ये भोकं पाडलेला स्पंज. पाय पडला की वरचा थर भोकातून खालच्याला टेकतो आणि खेळाला कळतं. चार दिवस कळतं. मग स्पंज बसतो, थर चुरगळतो आणि पाय पडो न पडो, ती चटई आपल्या मनाला येईल ते सांगत सुटते. शिवाय ती फरशीवर सरकते. तुम्ही उजवीकडे नाचताय आणि चटई सोफ्याखाली चालली आहे, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरा तो पाट. लाकडी नाहीतर लोखंडी चौकट, चांगल्या प्लायवूडचा तळ, वर चार जाड प्लास्टिकचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेखाली दाब ओळखणाऱ्या पातळ पट्ट्या. दिल्लीत वाढलेल्या मुलांना "पाट" म्हटलं की कळत नाही. एका मुलाने विचारलं, "पाट मतलब पार्ट?" त्याच्या आईला हसू आलं. मला नाही आलं.

टिकाऊ पाट ओळखायला शिक्षण लागत नाही. उचलून बघा. एका हाताने उचलला तर ठेवून द्या, तो सरकणार. उलटा करून बघा. स्क्रू दिसले पाहिजेत. जिथे सगळं चिकटवलेलं आहे तिथे बिघाड झाला की कचराकुंडी. वरचा चौकोन वेगळा निघतो का, पट्टी वेगळी मिळते का, वायर मुळाशी घट्ट बांधली आहे का, एवढंच विचारा. आणि चौकोनाभोवती बारीक फट असलीच पाहिजे. ती नसेल तर चौकोन घासतो आणि अडकतो. खाली घालायला जाड रबरी चटई लागते. दिल्लीतला मराठी माणूस पानिपतला इतिहासाचे उसासे टाकायला जातो, मी तिथे रबरी चटयांसाठी जाते.

यातलं काहीही कुणी विचारत नाही. विचारतात, "लाइट लगती है क्या?" गुडगावचे एक साहेब खास गाडी घेऊन आले. त्यांना वजन कमी करायचं होतं. माझा पाट बघून म्हणाले, "आंटीजी, ये तो भारी है." म्हटलं, भारी असतो म्हणूनच चांगला. तर म्हणे, "उठाने में मेहनत लगेगी." मेहनत करून वजन कमी करायला आलेला माणूस हा. त्यांना रंगीत दिव्यांची, गुंडाळायची चटई हवी होती. मी त्यांना दुकानाचा पत्ता दिला आणि पाणी पाजून वाटेला लावलं. महिन्याभरात फोन आला, चटई दुरुस्त होईल का. मी म्हटलं, नाही होत. तिच्यावर बसून योगासनं करा.

परभणीकडचा एक मुलगा यूपीएससीसाठी आलेला, तोही असाच. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्याला पाट हवा होता, "काकू, डोकं फ्रेश करायला." मी सगळ्यांना आधी विचारते, खाली कोण राहतं. म्हणाला, घरमालक. मी त्याला पाट दिला नाही. तो रुसला. म्हणाला, "तुम्ही यार बिझनेस करताच कशाला?" एवढा देश चालवायला निघालेला मुलगा, खाली कोण राहतं याचा विचार त्याला करता येत नव्हता.

आता वैशालीचं सांगते. एवढं सगळं लिहायला घेतलं ते तिच्याचमुळे.

वैशाली सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते, तळमजल्यावर. एका मंत्रालयात असिस्टंट आहे. वय चाळिशीचं. मॉलमधल्या त्या मशीनवर ती शनिवारी एकटी यायची. पर्स माझ्याकडे द्यायची, ओढणी कमरेला बांधायची आणि नाचायची. तिच्याइतकं स्वच्छ पाऊल मी कुणाचं बघितलं नाही. मुलं खेळ थांबवून बघत उभी राहायची. मशीन भंगारात गेलं त्याच्या पुढच्या शनिवारी ती आली, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि मला म्हणाली, "काकू, आता मी काय करू?" मी तिला चहा पाजला. ती म्हणाली, "मला दुसऱ्या कशात असं वाटत नाही हो. ऑफिस, घर, परत ऑफिस. हे खेळताना डोक्यात कुणी नसतं."

मी म्हटलं, घरी पाट ठेव. ती म्हणाली, "महेशला विचारते." आणि तिथेच माझं कपाळ उठलं.

महेश म्हणजे तिचा नवरा. दुसऱ्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं येतं. त्याने इंटरनेटवर पंधरा दिवस अभ्यास केला, एक्सेलमध्ये तक्ता केला, त्यात रंग भरले आणि शेवटी मागवली चटई. ती मेली. मग त्याच कंपनीची आणखी महागातली चटई मागवली. तीही मेली. यावर त्याने निष्कर्ष काढला की वैशाली पाय जोरात आपटते. आणि मग म्हणाला, "हे प्रॉडक्टच असं असतं. आता पुरे." चाळिशीच्या बाईने टीव्हीसमोर उड्या मारायच्या, हे त्याला मुळात पसंत नव्हतंच. चटया मेल्या तेव्हा त्याला बरंच वाटलं असणार.

वैशालीने तेव्हा पहिल्यांदा हट्ट धरला. माझ्याकडून पाट बनवून घ्यायचा म्हणाली. बरीच वादावादी झाली आणि महेशने अट घातली: एक महिना बघायचं. त्या महिन्यात एकदा जरी बिघडला तरी पाट परत, आणि घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही. वैशालीने कबूल केलं. मला फोनवर सांगताना तिचा आवाज लहान झाला होता. म्हणाली, "काकू, माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

मी तो पाट जीव लावून केला. प्लायवूड स्वतः निवडलं, प्रत्येक वायर दोनदा बांधली आणि टेम्पोबरोबर स्वतः जाऊन बसवून दिला. महेश बाजूला उभा राहून म्हणाला, "यात फट का ठेवलीय? धूळ जाईल. डिझाइन डिफेक्ट आहे हा." मी त्याला फट कशासाठी ते समजावलं. त्याने "अच्छा" म्हटलं. पटल्याचं ते अच्छा नव्हतं.

घरात तिसरी होती महेशची आई. मूळच्या साताऱ्याच्या, आता मुलाकडे असतात. त्या पलंगावर बसून सगळं बघत होत्या. मला विचारलं, "यावर ही नाचणार?" मी हो म्हटलं. मला वाटलं, आणखी एक विरोधक.

महिना संपायला थोडे दिवस उरले असताना दसरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीचा फोन. ती रडत होती. "काकू, पाट बिघडला. डावा बाण दाबलेलाच राहतोय. पाय उचलला तरी सुटत नाही. महेश म्हणतोय, आता परत." मी म्हटलं, कशालाही हात लावू नका, मी येते. लाजपत नगरला मेट्रो बदलून दुपारपर्यंत सरोजिनी नगर गाठलं. बाजाराच्या गर्दीतून पिशवी छातीशी धरून वाट काढली. आत पाटाच्या सुट्या, नाजूक पट्ट्या होत्या, आणि त्या गर्दीत हजाराची साडी शंभराला घ्यायला आलेल्या बायकांना कुणाच्या पिशवीत काय आहे याची फिकीर नसते.

मी पोचेपर्यंत हात लावून झाला होता. महेशने सुट्टी टाकली होती, खास. टीव्हीला जोडलेला कंप्युटर बंद-चालू केला, केबल बदलली, खेळ काढून पुन्हा टाकला, आणि कशानेच काही होईना तेव्हा फटीतून गंज काढायचं तेल फवारलं. माझ्या पाटात गंज धरण्यासारखं त्या जागी काहीच नाही. मी त्याला विचारलं, "तेल कशाला मारलंत?" तो म्हणाला, "जाम झालं असेल म्हणून." मी म्हटलं, "तुमची फाइल अडकली की तिच्यावर मारता का?" वैशालीने खाली बघितलं. सासूबाईंच्या तोंडाचा कोपरा जरा हलला.

तो मात्र चिडला नाही. त्याला चिडायची गरजच नव्हती, तो जिंकला होता. म्हणाला, "काकू, तुमचा अपमान करायचा नाहीये. पण ठरलं होतं ते ठरलं होतं. महिन्याच्या आत बिघडला. तुम्ही घेऊन जा."

मी खाली बसले. पाटावर हळदीची बोटं उमटली होती, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक होतं. डाव्या चौकोनाचे स्क्रू काढले, चौकोन उचलला. आत कडेला, अगदी पट्टीवर, तांदळाचे दाणे होते. कुंकू लागलेले, लाल. बाजूला झेंडूच्या दोन पाकळ्या. तेलात सगळं भिजून चिकटलेलं.

कुणी काही विचारायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "अक्षता. मीच टाकल्या."

दसऱ्याला घरातली हत्यारं पुजतात हे मी सांगायला नको. त्यांनी महेशची गाडी पुजली, मिक्सर पुजला, शिवणयंत्र पुजलं, लॅपटॉपला फूल वाहिलं आणि शेवटी पाटापाशी येऊन बसल्या. हळद, कुंकू, फूल, वरून मूठभर अक्षता. त्यातल्या काही फटीतून घरंगळल्या आणि पट्टीवर जाऊन बसल्या. वर चौकोनाचा भार, खाली दाणे. पाटाला बिचाऱ्याला वाटत राहिलं की डाव्या बाणावर कुणीतरी उभंच आहे. इतक्या वर्षांत मी मशिनांतून नाणी काढली, कानातली काढली, केक काढला. अक्षता पहिल्यांदाच.

महेश हसला. "बघा. मी म्हटलं होतं ना, फट म्हणजे डिफेक्ट. आणि आई, तू पण कमाल करतेस. पायाखाली घ्यायच्या वस्तूची कोण पूजा करतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, चांगलं खरमरीत. पण म्हातारी आधी बोलली. आवाज न चढवता. "घुंगरांची करतात. डोक्याला लावतात आणि मग पायात बांधतात. तुझ्या मावशीने जन्मभर तेच केलं."

महेश म्हणाला, "ते वेगळं."

"वेगळं कसं? रोज संध्याकाळी ही पोरगी दमून येते, त्याच्यावर चढते आणि उतरते तेव्हा तिचं तोंड निराळं असतं. मी इथे बसून बघते. तू बघत नाहीस, तू मोबाइल बघतोस. तुझी गाडी तुझं हत्यार, हे तिचं. म्हणून पुजलं."

मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तशीच बसले. मनात म्हटलं, सुनंदा, आज तुझं तोंड बंद ठेव, इथे तुझ्याहून चांगलं चाललंय.

महेशला मात्र अजून कळत नव्हतं. सरकारी माणूस, नियमावर बोट ठेवून बसलेला. "आई, ठीक आहे, पण ठरलं होतं. बिघडला की परत. शब्द म्हणजे शब्द."

"बिघडला नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी तांदूळ टाकले. तुझ्या गाडीच्या इंजिनावरही मीच टाकले काल, बॉनेट उघडून. ती उद्या बंद पडली तर विकणार आहेस?"

महेश उठला. खरंच उठला आणि खिडकीतून गाडीकडे बघून आला. एवढा हुशार माणूस. मला हसू आवरेना, मी पाटात तोंड घालून हसले.

मग मी काम केलं. दाणे चिमट्याने वेचले आणि सासूबाईंनी पुढे केलेल्या वाटीत ठेवले, कारण त्या टाकून देणार नव्हत्या. तेल पुसलं. तेलाने पट्टी फुगली होती, ती बदलली. म्हणजे खरं नुकसान केलं ते आईच्या तांदळांनी नव्हे, लेकाच्या फवाऱ्याने. हे मी मोठ्याने सांगितलं, दोनदा. चौकोन बसवला, स्क्रू आवळले, पाटाला बोटाने टिचकी मारून बघितली. डावा बाण दाबला की पडद्यावर पेटत होता, सोडला की विझत होता.

"चढ," मी वैशालीला म्हटलं.

ती नवऱ्याकडे बघत होती. ही बाई रोज दहा फायलींवर मत लिहिते आणि घरात पाटावर पाय टाकायला परवानगीची वाट बघते, याचा मला त्या क्षणी इतका राग आला की ओरडावंसं वाटलं. महेश काही बोलत नव्हता. हो नाही, नाही नाही. त्याला वाटत होतं, आपण बोललो नाही तर ठरलंय तेच कायम राहील.

वैशालीने वाकून पाटाला हात लावला, तो कपाळाला लावला. ओढणी कमरेला बांधली आणि चढली.

गाणं अवघड होतं, मॉलमध्ये ती शेवटी खेळायची तसलं. पहिले दोन बाण तिचे चुकले. मग पाय लागला. आवाज एका लयीत यायला लागला, दाबल्यासारखा, रबरी चटईतून. ती पडद्याकडे बघत होती आणि पाय खाली आपले आपण जात होते. सासूबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. मी माझी हत्यारं पिशवीत भरत होते, पण मुद्दाम हळूहळू.

गाणं अर्ध्यावर असताना महेशने घसा साफ केला. त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. पाहुणी घरात दुपारपासून बसली आहे, कुणी पाण्याशिवाय काही विचारलं नाही, हे त्याला आठवलं, किंवा आठवल्यासारखं त्याने केलं. "वैशाली, अगं, काकूंना चहा तरी कर."

वैशाली थांबली नाही. पडद्यावरून नजर हलवली नाही. श्वास लागला होता तरी आवाज अगदी स्वच्छ आला.

"अरे, तू टाक. माझं चाललंय."

महेशने आईकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "आलं फ्रिजमध्ये आहे."

तो आत गेला. भांड्यांचा बराच खडखडाट झाला. बाहेर दुसरं गाणं लागलं.

चहा अगदी पांचट झाला होता. मी दोन कप प्यायले.